अक्कांनी उतरवलेली अकरा चित्रं

श्रीमती इंदिराबाई जगताप यांची आणि माझी ओळख माझ्या उद्धटपणातून झाली, हे या गौरवग्रंथात आधीच कबूल करून टाकतो. निपाणीहून बेंगळुरूला येऊन जे. पी. नगरातल्या शाळेत मी गणित शिकवू लागलो, त्याला आठवडाही झाला नव्हता. वर्गाचा पोर्शन आधीपासूनच मागे पडला होता. शिक्षकखोलीत जाऊन मी सरळ म्हणालो, "बाई, तुमचा चित्रकलेचा तास मला द्या. नाहीतरी त्यात काय असतं?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय असतं ते बघायला या की हो सर. मागच्या बाकावर स्वल्प जागा आहे."

त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूचंच, त्यामुळे मराठीत कन्नड असं सहज मिसळतं. शाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. महिन्याभरात मीही त्यांना अक्का म्हणू लागलो.

त्या तासाला बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. अक्का मुलांच्या कागदाला स्वतःची पेन्सिल कधीच लावत नसत. मूल अडलं की शेजारी बसून विचारायच्या, "हे तू कुठं पाहिलंस? तेव्हा ते हलत होतं का?" काही दाखवायचंच झालं तर वेगळ्या कागदावर काढून दाखवायच्या आणि मुलांनी नक्कल करू नये म्हणून तो कागद घडी घालून पर्समध्ये टाकायच्या. सबंध नोकरीत हा नेम त्यांनी मोडला नाही. मला आधी हे सगळं सोंगच वाटलं होतं.

मग ते वर्ष आलं. वरच्या वर्गांची चित्रकला बंद करावी आणि चित्रकलेची खोली जादा वर्गांना द्यावी, असं संचालक मंडळाच्या मनात आलं. अक्कांनी एवढंच मागितलं की आधी मुलांचं काम बघा, मग ठरवा. प्रदर्शनाचा दिवस नक्की झाला. त्या एका दिवसावर अक्कांचा तास टांगलेला होता.

अक्कांचा तास वाचावा म्हणून माझाही जीव तुटत होता, आणि त्या भरात मी घोळ घातला. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी लवकर आलो. भिंतीवर चित्रं लागली होती. कुठे छप्पर तिरकं, कुठे खिडक्या लहानमोठ्या. सातवीतल्या ममतानं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात काम करणारे तिचे अप्पा काढले होते, आणि त्यांच्यापुढचं धार लावायचं चाक तर तीन-तीन रेघांचं, वेडंवाकडं. मंडळाचे लोक हसतील, असं मला वाटलं. पट्टी घेतली, कंपास घेतला, रबर घेतलं. अकरा चित्रं सरळ केली. ममताचं चाक तर असं गोल केलं की मीच खूश!

अक्का आल्या. भिंतीपाशी थांबल्या. "सर, हे कुणी केलं?"

"मीच, अक्का. स्वल्प नीट केलं, एवढंच."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि एकेक चित्र उतरवायला सुरुवात केली. "ही आता मुलांची राहिली नाहीत. तुमचं प्रदर्शन आपण पुढच्या वर्षी भरवू, सरी? चालेल?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळ आलं तेव्हा भिंतीवर मधेमधे अकरा जागा रिकाम्या होत्या. अध्यक्षांनी कारण विचारलं. माझं नाव घेऊन अक्का मोकळ्या झाल्या असत्या. पण त्या म्हणाल्या, "ती चित्रं आम्ही शिक्षकांनी बिघडवली."

"बिघडवली म्हणजे?"

अक्कांनी ममताला बोलावून तिचं चित्र पुढे धरलं. ममता चित्राकडे बघत कन्नडमध्ये म्हणाली, "हे चाक असं नव्हतं. आमच्या अप्पांचं चाक फिरताना हलतं. अप्पा म्हणतात, हललं की हात मागे घ्यायचा."

अध्यक्षांचा स्वतःचा कारखाना होता. ते खुर्चीत पुढे सरकले. "किती हलतं? काढून दाखव, बाळ."

ममतानं तिथंच बसून चाक काढलं, पुन्हा तीन रेघांचं. अध्यक्षांनी त्या रेघांवर बोट ठेवलं. "असं चाक चालवू नये. माणसाची बोटं जातात," ते हळूच म्हणाले. त्या पोरीनं बापाची काळजी काढली होती आणि मी ती रबरानं पुसली होती.

तास राहिला. खोलीही राहिली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला त्या अकरा मुलांपुढे उभं केलं. मी एकेकाची माफी मागितली. शिक्षकानं मुलाची माफी मागायची असते, हे मला त्या वयात कळलं. ते शिकवताना अक्कांनी माझा पाणउतारा होऊ दिला नाही. त्या स्वतः शेजारी उभ्या राहिल्या आणि "माझं लक्ष नव्हतं, मलाही माफ करा" असं म्हणाल्या.

निवृत्तीनंतर अक्का घरी बसल्या नाहीत. सरकारी कन्नड शाळांमधल्या शिक्षकांकडे जातात, चित्र शिकवायला नव्हे, मुलांच्या कागदापासून हात लांब ठेवा एवढं सांगायला. परवा डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तर कोरमंगलाच्या एका शाळेत काळा चष्मा लावून हजर! आम्ही रागावलो. त्यांनी ऐकलं असेल असं मुळीच वाटत नाही.

अक्का, आज तुम्हाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. या ग्रंथात बाकीचे तुमच्या कार्याबद्दल लिहितीलच. मी माझ्या मनातलं सांगतो. मी आता आपल्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे. यंदाही मंडळाकडून वेळापत्रक आलं आणि आठवी-नववीच्या रकान्यांत चित्रकला कुठेच नव्हती. ते अध्यक्ष आता मंडळात नाहीत. मी सही न करता कागद परत पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही, आणि खरं सांगतो, मला भीती वाटते. पुढच्या बैठकीत मला एकट्याला बोलायचं आहे. डोळे जपा, गोळ्या वेळेवर घ्या, खूप खूप जगा. आणि त्या बैठकीच्या दिवशी, जमलं तर, मागच्या बाकावर येऊन बसा.