चाळीस टक्क्यांच्या खाली

लेकीच्या थेरपीसाठी मी आणि बायको तिला घेऊन डोंबिवलीहून ठाण्याला जातो. तिथे वर्तकनगरचा एक मुलगा येतो, तिच्याच वयाचा. दोघांनाही स्वमग्नता आहे. पण तो आईला "आई, पाणी दे" म्हणतो. माझी लेक पाठ केलेलं म्हणून दाखवते, पण स्वतःला काही हवं असलं तर सांगत नाही; पाणी हवं असलं की ती माझं मनगट धरून मला माठापर्यंत नेते. त्याचं ते वाक्य ऐकलं की मला दुसरीकडे बघावं लागायचं.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की हे मोबाईलमुळे किंवा आईच्या नोकरीमुळे होत नाही. मेंदूची जडणघडणच वेगळी असते, बऱ्याचदा त्यात आनुवंशिकतेचा भाग असतो. आणि दोन मुलांची तुलना करू नका. पहिलं मला पटलं. तुलना चालूच राहिली.

ती नववीत गेल्यावर दिव्यांग प्रमाणपत्राचं मनावर घेतलं. ते मिळालं तर दहावीला जास्तीचा वेळ आणि लेखनिक. नाही तर परीक्षा तिच्या आवाक्याबाहेरची. त्यासाठी तपासणीत किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व ठरावं लागतं. हे सगळं मला माहीत होतं. तरीही पाहुणे आले की आपण मुलांना "काकांना नाव सांग" म्हणून पुढे करतो, तशी मी तिची तयारी करून घेतली. नाव, पत्ता, आजचा वार, सगळं पाठ. कारण तो मुलगाही त्याच दिवशी तपासणीला येणार होता.

तपासणीत डॉक्टरबाईंनी विचारलं आणि तिने पाठ केलेली उत्तरं धडाधड दिली. तो मुलगा मात्र आत जाताच जमिनीवर आडवा झाला आणि कानांवर हात दाबून ओरडत राहिला. उघड्या दारातून ते बघत मी बाहेर अभिमानाने ताठ बसलो होतो.

निकाल आला. त्याला सत्तर टक्के. माझी लेक चाळीसच्या खाली.

आता मला त्या सत्तरांचा हेवा वाटू लागला. न राहवून त्याच्या आईला फोन केला.

"तुम्ही काय सांगितलंत हो त्यांना?"

"जे घरी होतं ते. तुम्ही?"

"हुशार आहे म्हटलं. सगळं समजतं म्हटलं."

"अहो भाऊ, स्थळ बघायला आले होते का ते?" त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

फेरतपासणीसाठी अर्ज केला. या वेळी बायको बोलली. दात दुखला तरी ही सांगत नाही, जेवण थांबतं तेव्हा आम्हाला कळतं. हात सुटला की रिक्षासमोर जाऊन उभी राहते. मिक्सर लावला की स्वतःच्याच हाताला चावते.

"पण हल्ली थोडं कमी झालंय," मी म्हणालो.

"अहो, गप्प बसा जरा."

डॉक्टरबाई लिहून घेत होत्या. मला एकेक वाक्य खोडून काढावंसं वाटत होतं, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

पन्नास टक्के मिळाले. दहावीचा प्रश्न सुटला. रिक्षात बसल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला सत्तर दिले होते."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "मग? यातही हिचा नंबर वर हवा का तुम्हाला?"

बोलण्यातही तोच पुढे होता आणि टक्क्यांतही.