कागदावरचा समुद्र

आलिशान यॉटचे आराखडे काढताना मी समुद्र नेहमी एका सरळ निळ्या रेघेने दाखवतो. परवा मीच आखलेल्या यॉटमधून पहिल्यांदा खोल पाण्यात गेलो. मोठी लाट आली, तसे काचेच्या जिन्यावर पाहुणे रांगू लागले आणि स्वयंपाकघरात उकळतं सूप आचारी वामनकाकांच्या हातावर सांडलं. बोटीवर शेगडीभोवती घसरणारी भांडी अडवणारा कठडा असतो. तो दिसायला बरा नाही, म्हणून मीच आराखड्यातून काढून टाकला होता.

भाजलेला हात नळाखाली धरून काका ओशाळून म्हणाले, "चूक माझी, साहेब. मला नीट उभं राहता आलं नाही."

देखणी वस्तू बिनकामाची निघाली, की वापरणाराच स्वतःला अडाणी समजू लागतो. खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण यॉटचे मालक शेजारीच उभे होते.

"पुढच्या वेळी जपून," मी म्हणालो.