शेवटचं प्रकरण ठेवून

नाताळच्या सुट्टीत सरांच्या पत्नीचा फोन आला. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वाचायला बंदी आहे, दिवस सरत नाही; रोज दुपारी येऊन काही वाचून दाखवशील का? मी लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच का, ते त्यांना माहीत नव्हतं.

सर मलकापूरच्या कॉलेजात आम्हाला इंग्रजी शिकवायचे. मी वडनेर भोलजीहून एसटीने यायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. ग्रंथालयात मला नाताळच्या गोष्टीचं एक बारीकसं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. बर्फात अडकलेलं लहानसं स्टेशन, म्हातारा स्टेशनमास्तर आणि रुसून गेलेली त्याची मुलगी. डिक्शनरी उघडून मी ते महिनाभर वाचत होते. गाडी येते, डब्याचं दार उघडतं, आता फक्त शेवटचं प्रकरण उरलेलं, आणि सरांनी पुस्तक माझ्या शेवटच्या बाकावरून उचललं.

"हे तुझ्यासाठी नाही. गाइड वाच, पास हो."

वर्ग हसला. पुस्तक सरांच्या कपाटात गेलं ते गेलंच.

मी पास झाले. बी.ए., मग बी.एड. त्यात सरांनी लिहून दिलेल्या नोट्स उपयोगी पडल्या, हे नाकारणार नाही. आज नांदुऱ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. नोकरी लागल्यावर पहिलं ते पुस्तक मागवलं, शेवट वाचला, खूप रडले. राग मात्र होता तिथेच राहिला.

तेच पुस्तक घेऊन मी सरांकडे गेले. पुस्तकाचं नाव ऐकून काळ्या चष्म्याआडून सर म्हणाले, "असली पुस्तकं मी कधी वाचली नाहीत. पण वाच."

म्हणजे माझ्याकडून घेऊन त्यांनी ते उघडलंही नव्हतं. माझा बेत तिथेच पक्का झाला.

तीन दुपारी मी जीव ओतून वाचलं. सर आरामखुर्चीत पुढे सरकून ऐकू लागले. चौथ्या दुपारी गाडी आली, डब्याचं दार उघडलं, आणि मी पुस्तक मिटलं.

"हं, पुढे?"

"पुढचं तुमच्यासाठी नाही, सर."

सर हसले. "चेष्टा पुरे गं. कोण उतरलं?"

मी चप्पल घातली. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हटलं. गोड लागत होतं.

घरी आई तूर निवडत होती. तिला वाचता येत नाही. दर गुरुवारी शेजारच्या काकू पोथी वाचतात, ती पुढे बसून ऐकते.

"काऊन वं, आज लय खुश?"

मी सगळं सांगितलं. तिचा हात सुपातच थांबला.

"अध्याय ठेवून उठली तू?"

"पोथी नाही वं आई ते. गोष्ट हाय."

"ऐकणारा पुढं बसला होता ना? मंग पोथीच. अर्धी ठेवली त् दोष वाचणाऱ्याले लागते, ऐकणाऱ्याले नाही."

"त्यायनं माह्या हातचं पुस्तक नेलं होतं!"

"मंग ते त्यायच्या तोंडावर सांग. अन् वाचून ये."

दुसऱ्या दिवशी आधी सांगितलं. बाक, गाइड, हसणारा वर्ग, सगळं.

"म्हणालो असेन," सर म्हणाले. "आठवत नाही."

मी वर्षानुवर्षं बाळगलेलं त्यांना आठवतही नव्हतं. मी शेवटचं प्रकरण वाचलं, पण हजेरी घेतात तसं, एकाही शब्दावर न थांबता. अध्याय पूर्ण केला. त्यात जीव ओतायचं मी आईला कबूल केलं नव्हतं.

तरीही सरांच्या चष्म्याखालून पाणी आलं. "अहो, डोळ्यात पाणी चालत नाही!" म्हणत त्यांच्या पत्नी रुमाल घेऊन धावल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

"असं आणखी एखादं आहे का तुझ्याकडे?" सरांनी विचारलं.

"आहे," मी पुस्तक पिशवीत टाकत म्हटलं. "पण ते मी आधी माझ्या वर्गात वाचणार आहे. शेवटच्या बाकापासून."