मोडलेल्या यंत्राचा आकडा

हवामान कार्यालयात मी रुजू झालो त्या सकाळी गायकवाड सर दारात सायकलला कुलूप लावत होते. रविवार पौडला, आपल्या गावी काढून ते घामाघूम होऊन थेट कामावर आले होते. मी नाव सांगताच त्यांनी विचारले, "चक्रीवादळ वाढतच का जात नाही हो?" उत्तराची वाट न पाहता सर म्हणाले, "सायकल हाणून बघा. जितकी हाणाल तितकी हवा अडवते. एका वेगापुढे पाय हरतात."

पुढे त्यांच्या हाताखाली सारे उलगडत गेले. वादळाला जोर मिळतो तो उबदार समुद्राकडून; वरचे आकाश जितके थंड, तितका तो जास्त. पण वारा वाढला की पाण्याशी घासण्यात जाणारा जोर मिळणाऱ्या जोराहून झपाट्याने वाढतो. दोन्हींची बरोबरी झाली की तीच त्या वादळाची कमाल मर्यादा. बहुतेक वादळे तिथे पोचण्याआधीच ढेपाळतात, हेही सर आवर्जून सांगत.

आमच्याकडे एक वाईट खोड होती. ऐन वादळात वारा मोजणारे यंत्र मोडले की त्याने शेवटी दाखवलेला आकडाच आम्ही सर्वाधिक वेग म्हणून धरत असू. पूर्व किनाऱ्यावर गावकऱ्यांसाठी निवारे बांधायचे ठरले, तेव्हा छपरांच्या मजबुतीसाठी असाच आकडा पुढे आला. सरांनी सही नाकारली. "यंत्र मोडलं म्हणून वारा थांबला, असं कोण म्हणतं? ही छपरं माणसांच्या अंगावर येतील." बैठकीमागून बैठकीत ते हेच सांगत राहिले. बढती हुकली, बदली झाली, आराखडा फडताळात पडून राहिला. सर कंटाळले नाहीत असे लिहिणे खोटे ठरेल. ते फार कंटाळले. सही मात्र केली नाही.

माझी पत्नी दवाखान्यात होती तेव्हा हेच सर रोज दुपारी सायकलवरून डबा पोचवत आणि वर दटावत, "भात उरवायचा नाही."

गेल्या महिन्यात त्यांच्या साठीचा समारंभ ठरवायला आम्ही पौडला गेलो. छातीच्या दुखण्याने सर खंगले आहेत. त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताराक्कांनी, दारातच बजावले, "लई बोलाया लावू नका. दोन शब्दांत दम लागतोय त्येला."

बोलता बोलता कुणीतरी सांगून गेले, की निवाऱ्यांचा आराखडा पुन्हा समितीपुढे येतोय.

"आकडा कुठला धरलाय?" सरांनी विचारले.

"तोच."

सरांनी अंगावरची शाल बाजूला केली. मग म्हणाले, "अक्का, माझ्या चपला कुठंयत?"

"कुटं निघालास? बस कवाच गेली."

"उद्याच्या बसनं जाईन. काढून ठेव."

समितीच्या बैठकीला ते गेले. खुर्चीला धरून, थांबत थांबत बोलले. आकडा नव्याने काढायचे ठरले. छपरे अजून उभी राहायची आहेत.

सरांना उदंड आयुष्य लाभो, छातीत भरून श्वास मिळो. त्यांनी दुपारी निवांत झोपावे. पुढच्या बैठकीत नाही म्हणायला आम्ही उभे राहू. सरांवर पुन्हा चपला शोधायची वेळ येऊ नये.