चौथ्या चौकटीतला भागीदार

नवरा गेल्यावर घरात काय काय करावं लागतं ते आमच्या नात्यातल्या बायकांना पाठ होतं. त्यांनी सगळं केलं, मला काही सुचवावं लागलं नाही. धोरणात्मक विश्लेषण मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते माझा पुतण्या पुण्याहून घेऊन आला.

पुतण्या म्हणजे माझ्या दिराचा मुलगा. वाढला पुण्यात, व्यवस्थापन शिकला आणि सल्लागार झाला; स्वतः कधी न चालवलेले धंदे कसे चालवावेत, हे तो लोकांना सांगतो. मनाने चांगला आहे. तेराव्याचे पाहुणे पांगले तरी तो थांबला आणि इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरात, सांत्वनाला आलेल्यांनी आणलेली केळी बाजूला सारून, जेवणाच्या टेबलावर त्याने लॅपटॉप उघडला.

"काकू, भावनेच्या भरात काही ठरवू नका. आधी फ्रेमवर्क लावू."

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावत आले. जग खणांत बसवू पाहणाऱ्यांविषयी मला थोडी सहानुभूती आहे. म्हटलं, लाव.

ठरवायचं होतं ते इतकंच: सांवेर रोडवरची शेड चालू ठेवायची, की विकून मोकळं व्हायचं. तिथे शेवेच्या यंत्रांच्या जाळ्या बनतात, म्हणजे भोकं पाडलेल्या चकत्या. पीठ दाबलं की त्यातून कढईत शेव पडते. धंदा माझ्या नवऱ्याचा आणि त्याच्या भागीदाराचा. भागीदार बडा गणपतीजवळ राहतात, घरात मालवी बोलतात, मराठी कामापुरती समजते. दोघे एकमेकांना 'भिया', म्हणजे इंदुरी 'भैया', म्हणत, आणि भांडण झालं की 'भियाजी'. यंत्रं भागीदारांकडे, गिऱ्हाइकं नवऱ्याकडे.

मला शेड हवी होती. नवऱ्याच्या शर्टांना बेसनाचा आणि यंत्राच्या तेलाचा मिळून एक वास यायचा. कपाटातून तो उडत चालला होता, शेडमध्ये अजून होता. हे कारण कुठल्या रकान्यात टाकतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी ते पुतण्याला सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी धंद्याच्या भोवतालचा अभ्यास झाला. राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, सगळे घटक तपासून झाले. सामाजिक घटकांत त्याने टाइप केलं, 'आरोग्याबाबत वाढत्या जागरूकतेमुळे तळलेल्या पदार्थांची मागणी घटू शकते.' टाइप करताना तो दुसऱ्या हाताने पोह्यांवर शेव घालून घेत होता. तिसऱ्यांदा.

मग धंद्यावर दबाव आणणाऱ्या पाच शक्ती आल्या. त्यातली एक म्हणजे पर्यायी उत्पादनं.

"काकू, इंदूरमध्ये शेवेला पर्याय काय?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "जाड शेव."

त्याने ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी धंद्यांची जनावरं करण्याची एक पद्धत निघाली. काही धंदे दुभती गाय असतात, काही तारे. तारे जनावरांत कसे आले ते मी विचारलं नाही. बराच वेळ आकडे जुळवून तो गंभीरपणे म्हणाला, "आपला धंदा डॉग आहे, काकू."

"चावतो का?"

"नाही हो. ग्रोथ कमी, मार्केट शेअर कमी. अशाला सहसा काढून टाकतात."

खिडकीखाली गल्लीतलं कुत्रं झोपलं होतं. कमी वाढ असूनही त्याला कुणी काढलेलं नव्हतं.

शेवटी आल्या चार चौकटी. भागीदारांनाही निर्णयात सामील करून घ्यायला हवं म्हणून त्याने हे काम इंग्रजी सोडून मराठीत, मोठ्या कागदावर, जाड स्केचपेनने केलं. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. मी कागद वाचला. त्याने 'उणीवा' लिहिलं होतं, ते ऱ्हस्व करायला लावलं. एवढी दक्षता दाखवून मी चहा टाकायला गेले.

उणिवांत पहिली ओळ होती, 'चाचणीत बेसनाचा अपव्यय'. शेडमध्ये नवी जाळी झाली की तिच्यातून खरी शेव पाडत. पहिला घाणा दोघे उभ्याने खात. शेव बिघडली असेल तर माझा नवरा म्हणे, "परत." जमली असेल तर काहीच म्हणत नसे. भागीदार त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे, आणि तो गप्प राहिला की जाळी पास.

धोक्यांत पहिल्या ओळीवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता: 'भागीदार'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'वय. सर्व कौशल्य एकाच व्यक्तीकडे'. संध्याकाळी पुतण्याने कागद शेडमध्ये नेऊन नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोशेजारी चिकटवला.

दुसऱ्या दिवशी भागीदार शेडवर आले, कागदापुढे थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. त्यानंतर आलेच नाहीत, फोनही उचलेनात. यंत्रं बंद पडली. कागदावर लिहिलेला धोका इतक्या लवकर खरा ठरल्याचं पुतण्याला फार वाईट वाटलं, असं मला म्हणवत नाही.

"बघा काकू, मी म्हटलंच होतं. एका माणसावर धंदा उभा असला की हेच होतं. विकायचंच ठरवा आता."

मी जवळजवळ हो म्हणणार होते. तेवढ्यात भागीदारांच्या बायकोचा फोन आला. सांत्वनाला आल्या तेव्हा माझा हात धरून रडल्या होत्या. आता आवाज कोरडा होता.

"भाभीजी, एक बात बताओ. इन्होंने ऐसा कौन-सा धोका दिया आपको, जो दीवार पे लिखवा दिया?"

मराठीत धोका म्हणजे संकट. हिंदीत धोखा म्हणजे विश्वासघात. लिहिताना त्यात 'ख' असतो, पण आमच्या इंदूरात बोलताना तो कधीच 'क' झालेला आहे. पुण्यात वाढलेल्या मुलाला हे कळणं शक्य नव्हतं. जन्मभर इथे राहून भाजीवाल्याशी हिंदी आणि नवऱ्याशी मराठी बोलणाऱ्या मला कळायला हवं होतं. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासत होते.

त्याच दुपारी पुतण्याला घेऊन मी बडा गणपतीला गेले. भागीदार दारात आले, पण 'बसा' म्हणाले नाहीत.

"भाईसाहब, वो मराठी का धोका है," मी म्हटलं. "मराठीत धोका म्हणजे खतरा. दगा नव्हे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुतण्याकडे. "मतलब हम खतरा हैं?"

"अंकल, स्ट्रॅटेजिकली—" पुतण्या सुरू झाला.

"सुन रही हो?" भागीदारांनी आत हाक दिली. "धोखेबाज नहीं हैं हम. खतरनाक हैं."

आतून उत्तर आलं, "वो तो मैं शादी के टाइम से जानती हूँ. भाभीजी को अंदर तो लो!"

आम्ही आत बसलो. पुतण्याने त्यांना नीट समजावलं, की सगळी कला तुमच्या हातात आहे, उद्या तुम्ही नसलात तर धंदा बसेल.

"तो सीधा लिखते ना छोटे भिया, कि ये मर गया तो दुकान बंद. बुरा थोड़ी मानते." त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "एक बात बताओ. तुम्हारे काका कौन-से खाने में हैं?"

आम्ही दोघांनी तो कागद कितीदा वाचला होता. बलस्थानांत सांवेर रोडची जागा होती, संधींत ऑनलाइन विक्री होती, उणिवांत बेसनसुद्धा होतं. माझा नवरा चारही चौकटींत कुठेच नव्हता. मेलेल्या माणसाला त्या पद्धतीत जागा नसावी, किंवा आम्ही विचारायचं विसरलो असू.

"मला शेड विकायची नाही," मी म्हटलं. इतके दिवस हे वाक्य एवढं सोपं आहे हे लक्षात आलं नव्हतं. "पण तुम्ही येणार असाल तर."

"आपने पहले बोला ही नहीं, भाभीजी. हमको लगा आपको बेचना है, और बहाना हमारे नाम का है."

ते शेडवर आले. 'धोके' या शब्दावर काट मारून त्यांनी वर 'खतरा' लिहिलं. कागद मात्र काढू दिला नाही, बायकोला दाखवायचा होता. अर्धी राहिलेली जाळी पूर्ण केली, पीठ दाबलं आणि पहिला घाणा काढून ताटली माझ्यापुढे धरली.

"लो. अब आपको देखना है."

मला शेवेतलं काही कळत नाही. मी मूठभर तोंडात टाकली. भागीदार माझ्या तोंडाकडे बघत राहिले, पुतण्याही वही बंद करून बघत राहिला. मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर जीभ भाजली होती.

"पास," भागीदार म्हणाले, आणि जाळी पुसायला घेतली.