घासलेला डबा

बिबवेवाडीतल्या आमच्या मेसच्या काकू परत आलेला डबा हातात तोलूनच ओळखतात, कोण जेवलं नाही ते. लगेच फोन येतो, "पोळ्या काय शोभेला दिल्या होत्या?"

मेसचा डबा एरवी कुणी घासत नाही. परवा मी घासून पाठवला, तर काकू धापा टाकत तीन जिने चढून खोलीवर आल्या.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा डबा असाच रिकामा, लख्ख परत आला होता. पोरगी जेवली म्हणून काकू खूश झाल्या. त्याच संध्याकाळी तिने जीव दिला.

"जेवलास ना रे?" काकूंनी दारातूनच विचारलं.

"हो, काकू."

काकू कठड्याला धरून उतरल्या.

भाजी-पोळी मी खालच्या कुत्र्यांना घातली होती. सलग चौथ्या दिवशी.