बाईसाहेबांच्या खुर्चीसमोर

अर्जवहिनीनं एका मेलेल्या बाईला बोलतं करून तिच्याकडून पैसे उकळले, अशी बातमी आमच्या इमारतीत तळमजल्यावर सुटली आणि गच्चीवर पोचेपर्यंत तिला शिंगं, शेपूट सगळं फुटलं. बातमी चुकीची आहे. एक तर वहिनीनं पैसे उकळले नाहीत, रीतसर पावती देऊन घेतले. दुसरं म्हणजे मेलेल्यांना बोलतं करणं तिच्या हातचं नाही. घरातल्या जिवंत नवऱ्याला बोलतं करणं तिला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. घडलं ते याहून पुष्कळ साधं होतं, आणि म्हणूनच जरा जास्त अंगावर येतं.

वहिनीचं खरं नाव पोस्टमन सोडून कोणालाच ठाऊक नसावं. संस्थांसाठी अनुदान शोधून द्यायचं, हा तिचा धंदा. कोणाला अंध मुलांना पुस्तकं वाचून दाखवायचीत, कोणाला भटक्या कुत्र्यांसाठी दवाखाना काढायचाय; मन मोठं आणि खिसा फाटका अशा सगळ्यांची पायधूळ तिच्या दारात झडायची. कोणता ट्रस्ट कशाला भुलतो हे तिला पाठ होतं. एकाला अर्जासोबत हसऱ्या मुलांचे फोटो लागतात, एकाला ‘गरीब’ हा शब्द दिसला की ओकारी येते, एकाला तोच मजकूर तीन प्रतींत हवा असतो आणि त्यातली एकही तो वाचत नाही. ‘सक्षमीकरण’ हा शब्द वहिनी मिठासारखा वापरायची, म्हणजे सगळ्यात आणि अंदाजानं. एकदा जमलेला परिच्छेद ती फुकट घालवत नसे. वाचनालयाचा परिच्छेद कुत्र्यांना, कुत्र्यांचा पाळणाघराला. थोरल्याचा सदरा जरा आत घेतला की धाकट्याला होतो, तसं.

रस्त्यानं जाताना बायका दुकानांच्या काचा बघतात. ही बाकं बघायची, पंख्यांची पाती, पाण्याच्या टाक्या, दवाखान्यातली घड्याळं. कोणाच्या स्मरणार्थ काय दिलंय ते वाचायचं आणि त्या नावाचा माग काढत सुटायचं. ‘जिवंत माणूस देताना शंभर प्रश्न विचारतो,’ ती म्हणायची. ‘मेलेल्याचे प्रश्न संपलेले असतात.’ हे वाक्य ती हल्ली म्हणत नाही.

तिच्या घरी नवरा आणि सासू. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून आमच्या इमारतीची लिफ्ट कायम बंद. सासू एके काळी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून तिनं सगळ्या गावाची बोलणी जोडली आणि तोडली, आणि म्हातारपणी तिच्या स्वतःच्याच तारा सुटत गेल्या. घर विसरली, सून विसरली. सगळे पुरुष तिला ‘तात्या’ झाले. दूधवाला तात्या, डॉक्टर तात्या, पोटचा मुलगाही तात्याच. आवाज मात्र तसाच राहिला, गुळगुळीत आणि अधिकाराचा. दुपारी झोपेतसुद्धा ती म्हणायची, ‘बोला, ऐकतेय.’ पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हातातला कप हिंदकळायचा.

एकदा ती घरातून निसटली. सापडली ती एका चपलांच्या दुकानात. तिथं पूर्वी टेलिफोन कचेरी होती. गल्ल्यावरच्या माणसाला ती दटावत होती, ‘अहो तात्या, बाई केव्हाच्या थांबल्यात, जोडा ना त्यांना.’

तेव्हापासून ती दिवसभर एका केंद्रात असायची. एका निवृत्त नर्सनं, सगळे तिला सिस्टर म्हणतात, छापखान्याच्या मागच्या हॉलमध्ये अशा विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी ते चालवलं होतं. सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. आता छापखान्याच्या मालकाला हॉल विकायचा होता. सिस्टरनं तो घेतला तर ठीक, नाहीतर महिनाअखेरीला गाशा गुंडाळायचा. आणि केंद्र बंद झालं तर काय, हे वहिनीच्या थोरल्या दिरानं आधीच ठरवलं होतं. लांबच्या गावी एक आश्रम होता, जिथं बाहेरून कडी लावतात.

‘आईची सोय होईल,’ भाऊजी म्हणाले.

‘तुमची होईल,’ वहिनी म्हणाली. नवरा नेहमीप्रमाणं पान्याकडं बघत बसला.

वहिनीनं ओळखीचे सगळे ट्रस्ट पालथे घातले. म्हाताऱ्यांना कोणी द्यायला तयार नव्हतं. म्हाताऱ्यांचे फोटो हसरे येत नाहीत. अशा एका दिवशी ती थकून बागेत एका बाकावर टेकली आणि सवयीनं पाठीवरची पाटी वाचली. ‘बसा. घाई नाही.’ खाली एका ट्रस्टचं नाव. ते तिनं कधीच ऐकलं नव्हतं. तिच्यासारखीला हे म्हणजे पोस्टमनला अनोळखी गल्ली सापडण्यासारखं. उन्हाचा दिवस होता, पण बाक गार होतं, आणि तिला उगाचच वाटलं की आपण बसलोय तो भाग सोडून उरलेला भाग रिकामा नाही.

पाटी रंगवणाऱ्याला विचारत ती एका म्हाताऱ्या वकिलापर्यंत पोचली. छत्र्यांचा कारखाना असलेल्या एका बाईनं मरताना सगळं या ट्रस्टला ठेवलं होतं. वकीलसाहेब तिचा उल्लेख अजून वर्तमानकाळात करायचे.

‘बाईसाहेबांची अट एकच आहे,’ ते म्हणाले. ‘अर्ज स्वतः आणायचा आणि त्यांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीसमोर, मोठ्यानं वाचायचा. शेवटपर्यंत वाचला तर मागितलेलं द्यायचं.’

‘बस्स?’

‘बस्स.’

‘मग पैसे शिल्लक कसे राहिले?’

वकीलसाहेब चष्मा पुसत राहिले. ‘शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. एकाचा घसा बसला. एक बाई मधेच रडायला लागल्या, कशासाठी ते त्यांनाही सांगता येईना. एक गृहस्थ पाणी पिऊन येतो म्हणाले, त्यांची छत्री अजून इथंच आहे.’

‘आणि ते बाक?’

‘त्याचे पैसे एका सुताराला मिळाले. त्याचा अर्ज दोन ओळींचा होता.’

वहिनी मनातल्या मनात हसली. वाचायला घाबरणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. तिनं स्वतः मंत्र्यांसमोर वाचलं होतं. घरी येऊन तिनं आपला ठेवणीतला माल काढला आणि घसघशीत अर्ज शिवला, बाह्या इथून, कॉलर तिथून.

नेमलेल्या दुपारी केंद्र बंद निघालं. हॉलची मापं घ्यायला माणसं आली होती. सासूला एकटं ठेवता येईना. वहिनीनं तिला चांगलं पातळ नेसवलं, हातात तिची लाडकी पिशवी दिली आणि सोबत घेतलं.

बाईसाहेबांचं घर स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की कोणीतरी आत्ताच आवरून आत गेलंय असं वाटावं. वकीलसाहेबांनी सासूबाईंना खोलीच्या दारापाशी एका स्टुलावर बसवलं. ‘यांना राहू दे, अटीत काही बाधा नाही,’ म्हणाले, आणि स्वतः बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. समोर खिडकी, खिडकीत ऊन, आणि उन्हाकडं पाठ करून उंच पाठीची खुर्ची. तिच्यावर जाड गादी. उजेड डोळ्यांवर येत होता, त्यामुळं खुर्ची नुसती काळी दिसत होती. वहिनीनं वाचायचा चष्मा चढवला. आता कागद तेवढा स्पष्ट, पलीकडचं सगळं धूसर.

ती वाचायला लागली. पहिलं पान बरं गेलं. मग तिच्या लक्षात आलं की शब्द परत येत नाहीयेत. विहिरीत खडे टाकावेत आणि एकही पाण्याला लागू नये, तसं. नुसतं कोणीतरी ऐकत होतं. भाषण ऐकतात तसं नव्हे. शेजारच्या खोलीत आपल्याबद्दल बोलणं चाललं असताना माणूस श्वास धरून ऐकतो, तसं. तशात पुढची ओळ आली: ‘या पुस्तकांमुळे आमच्या वाचकांच्या जीवनात नवा प्रकाश पडला आहे.’

वाचनालयाचा परिच्छेद. सदरा बदलला, बटणं तीच राहिली. वहिनीचं वाचणं अडलं. दारापर्यंत किती पावलं पडतील याचा तिनं अंदाज घेतला, आणि त्या छत्रीवाल्या गृहस्थाचं तिला पटलं.

‘बोला, ऐकतेय.’

आवाज खुर्चीतून आला. गुळगुळीत, अधिकाराचा. वहिनीच्या जिवात जीव आला. म्हणजे म्हातारी उठून खुर्चीत जाऊन बसली होती.

‘आई, जागेवर बसा,’ ती कागदावरची नजर न काढता पुटपुटली. एकदा ओळ सुटली तर पुन्हा सापडणार नाही, अशी तिला भीती होती.

‘पुस्तकं कुठली?’

‘ती... चुकून आली.’

‘मग काढा. पुढं.’

वहिनी पुढं वाचायला लागली. लाभार्थी, उपक्रम, सर्वांगीण.

‘सक्षमीकरण म्हणजे काय?’

इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ‘मलाही नीट माहीत नाही,’ ती म्हणाली.

‘मग तेही काढा. आता राहिलं काय?’

वहिनीनं पान उलटलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. राहिलं होतं ते फार थोडं होतं. ते तिनं वाचलं. ‘केंद्रात अशी माणसं येतात ज्यांना आपलं घर आठवत नाही. सिस्टर त्यांना नावानं हाका मारतात. संध्याकाळी कोणीतरी न्यायला येतं.’

‘तुम्ही कोणाला न्यायला जाता?’

‘सासूबाईंना,’ वहिनी म्हणाली, आणि विचारणारी आपली सासूच आहे हे तिला त्या क्षणी विचित्र वाटलं नाही. नंतर फार वाटलं.

‘कोणी न्यायला आलं नाही, तर?’

खोली गार पडली होती. खिडकीत ऊन तसंच होतं.

‘मी जातेच,’ वहिनी म्हणाली. ‘कधीकधी बाहेर पायरीवर जरा बसते. तेवढाच वेळ माझा असतो. पण मग जाते.’

मग आवाज अगदी जवळून आला. ‘शेवटची ओळ वाचा.’

‘आपली नम्र,’ वहिनीनं वाचलं आणि खाली आपलं नाव वाचलं, ते खरं, पोस्टमनचं. अर्ज संपला.

तिनं चष्मा काढला. खुर्ची रिकामी होती. गादीतला खळगा हळूहळू वर येत होता, आत्ताच कोणी उठून गेल्यावर गादी फुगत येते तसा. आणि मागं, दारापाशी, स्टुलावर, पिशवी पोटाशी धरून सासूबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या.

दार उघडलं. ‘झालं?’ वकीलसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता.

‘तुम्हाला ऐकू आलं?’

‘तुम्ही ऐकू आलात. मधेमधे थांबत होतात.’

‘सासूबाई झोपेत बोलतात,’ वहिनी म्हणाली. तिला तसं असायला हवं होतं. ‘टेलिफोनमध्ये होत्या.’

तेवढ्यात म्हातारी जागी झाली, वकिलाकडं बघून म्हणाली, ‘झालं का बोलून, तात्या? मग मी लाइन सोडते.’

वकीलसाहेब चौकटीला धरून उभे राहिले. त्यांना तात्या म्हणणारं माणूस या घरात एकच होतं, असं त्यांनी पुढं चेक देताना सांगितलं. वहिनीनं त्यांना दूधवाल्या तात्याची आणि डॉक्टर तात्याची हकीकत सांगितली. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही, आणि चेकवर सही केली.

परतीच्या वाटेवर सासूबाई खुशीत होत्या. बागेजवळ आल्यावर म्हणाल्या, ‘बाई अगदी एकट्या असतात गं तिथं. मला म्हणाल्या, एक नंबर लावून द्या. लावला. खूप वेळ वाजला. उचलत नाही कोणी.’

‘कोणाचा नंबर, आई?’

पण तोवर म्हातारी ते विसरली होती.

हॉल सिस्टरच्या ताब्यात आला. भाऊजींनी आश्रमाचा विषय काढला नाही; उलट केंद्राला एक पंखा दिला, आणि पात्यावर स्वतःचं नाव टाकायला विसरले नाहीत. वहिनी अजून अर्ज लिहिते, पण आता ते एका पानात संपतात. संस्थावाले कुरकुरतात, की एवढ्याशा कागदाला कोण देणार. काही देतात, काही नाही. संध्याकाळी सासूला घेऊन येताना ती बागेतल्या त्या बाकावर टेकते. एका कडेला ती, दुसऱ्या कडेला सासू. मधली जागा दोघी मोकळी ठेवतात, आणि तिथं कोणी बसायला आलं तर म्हातारी म्हणते, ‘तात्या, तिथं बाई आहेत.’

परवा तळमजल्यावरच्या शिंप्यानं तिला जिन्यात गाठलं. गावगप्पांचं कापड बेततो तो हाच.

‘वहिनी, एकदाच काय ते सांगून टाका. खुर्चीतून बोललं कोण? तुमच्या सासूबाई, की ती बाई?’

वहिनीनं सासूला एक पायरी वर चढवलं, मग दुसरी, आणि वळून न बघताच म्हणाली, ‘कोणी का असेना. इतकी वर्षं अर्ज लिहितेय, शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.’